खडकातलं लिथियम: सुरुवातीच्या टप्प्यावरचा प्रकल्प जोखायचा कसा

पेग्मटाइटमध्ये, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांच्या अग्निजन्य खडकात, लिथियम सापडलं, ही फार मोठी बातमी नसते. जगात पेग्मटाइटच्या शिरा असंख्य आहेत. त्यातल्या थोड्यांत लिथियम असतं आणि त्यांतून खाण उभी राहील अशा तर अगदीच मोजक्या. म्हणून नवा प्रकल्प हाती आला की ‘इथे लिथियम आहे का?’ या प्रश्नावर वेळ घालवू नये. ते कोणत्या खनिजात आहे, शीर किती जाड आहे आणि किती लांब सलग चालते, हे तीन प्रश्न खरे. प्रयोगशाळेतून आलेला टक्क्यांचा आकडा त्यांच्या मागून येतो. प्रत्यक्षात बहुतेक जण आकड्यापासूनच सुरुवात करतात आणि मग त्या आकड्याच्या प्रेमात पडतात.

खालच्या पायऱ्या स्वस्तापासून महागापर्यंत लावल्या आहेत. पहिल्या दोन बहुतांशी टेबलाशी बसून होतात, पुढच्या दोनांना बूट झिजवावे लागतात आणि सहाव्यापासून ड्रिलिंगचा खर्च सुरू होतो. जो प्रकल्प दुसऱ्या पायरीवर बाद व्हायला हवा, तो सहाव्या पायरीवर बाद झाला तर मधला सगळा पैसा पाण्यात जातो.

पायरी १: एककं आणि कागदपत्रं

लिथियमचे आकडे तीन भाषांत येतात: शुद्ध लिथियम, लिथियम ऑक्साइड आणि लिथियम कार्बोनेट. लिथियमचा आकडा २.१५३ ने गुणला की ऑक्साइड मिळतं आणि ऑक्साइडचा २.४७३ ने गुणला की कार्बोनेट. म्हणजे ५,००० पीपीएम (दहा लाख भागांत ५,००० भाग) लिथियम हे साधारण १.०८ टक्के लिथियम ऑक्साइड झालं. कठीण खडकातल्या प्रकल्पांची ग्रेड, म्हणजे खडकातलं लिथियमचं प्रमाण, जवळपास नेहमी ऑक्साइडमध्ये सांगतात. एखाद्या अहवालात एका तक्त्यात पीपीएम लिथियम आणि दुसऱ्यात ऑक्साइडचे टक्के असतील, तर पुढे वाचण्याआधी सगळं एका एककात आणून घ्या. ‘टन’ या शब्दाचंही तेच. हे टन खनिजयुक्त खडकाचे, की त्यातून निघू शकणाऱ्या कार्बोनेटचे? एक टक्का ग्रेडच्या दहा लाख टन खडकात, सगळं लिथियम निघालं असं धरलं तरी, २५ हजार टनांहून कमी कार्बोनेट असतं.

मग परवाना. त्याची मुदत, नूतनीकरणाच्या अटी, दर वर्षी करायचा किमान खर्च, आधीच्या मालकाची रॉयल्टी, भागीदाराचा हिस्सा. हे काम कंटाळवाणं आहे आणि भूवैज्ञानिकाला ते आपलं वाटत नाही. पण काँगोमधल्या मनोनो लिथियम प्रकल्पाकडे बघा. २०१९ मध्ये तिथला साठा ४० कोटी टन आणि ग्रेड १.६५ टक्के अशी जाहीर झाली होती. इतका मोठा आणि इतका सकस साठा क्वचितच दिसतो. तरीही हक्कांचा वाद आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षं अडकून राहिला. निर्यातीचे नियमही बघावेत. झिम्बाब्वेने डिसेंबर २०२२ मध्ये कच्च्या लिथियम खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली. तिथे ‘खणू आणि जहाजात भरू’ एवढ्यावर आखलेले बेत एका रात्रीत बदलावे लागले.

पायरी २: घराणं ओळखा

दुर्मिळ मूलद्रव्यांच्या पेग्मटाइटची ढोबळ दोन घराणी मानतात. एकात लिथियम, सिझियम, टँटलम जमतात, दुसऱ्यात निओबियम, यिट्रियम, फ्लोरिन. आपलं काम पहिल्याशी. ही पेग्मटाइट बहुधा अॅल्युमिनियमने समृद्ध अशा ग्रॅनाइटशी निगडित असतात. ग्रॅनाइटचा वितळलेला रस थिजत गेला की पाणी, लिथियम, रुबिडियम, सिझियम यांसारखी स्फटिकांत सहज न मावणारी मूलद्रव्यं उरलेल्या रसात साठत जातात. हा रस भेगांतून बाहेर पडतो आणि जितका दूर जातो तितका सहसा अधिक ‘पिकलेला’ असतो. म्हणून ग्रॅनाइटला लागून असलेली पेग्मटाइट बहुतेक वांझ, थोडं पुढे बेरिल (बेरिलियमचं खनिज) दिसायला लागतं, त्यापुढे टँटलमची खनिजं आणि त्याच सुमारास स्पोड्युमीन किंवा पेटालाइट ही लिथियमची खनिजं. साधारण दहा किलोमीटरच्या परिघात हा क्रम शोधतात. नकाशावर सगळे बिंदू ग्रॅनाइटच्या पोटात किंवा अगदी काठावर असतील, तर उत्साह आवरावा.

हा नियम दगडावरची रेघ नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं ग्रीनबुशेस हा या प्रकारातला जगातला सर्वांत नावाजलेला साठा, पण त्याच्या शेजारी ‘हाच याचा जनक’ असं बोट ठेवावं असा ग्रॅनाइट दिसत नाही. आजूबाजूच्या रूपांतरित खडकांचा दर्जाही पाहावा. ग्रीनशिस्ट (कमी तापलेले) या दर्जाच्या वरच्या टोकापासून अँफिबोलाइट (मध्यम तापलेले) या दर्जाच्या खालच्या भागापर्यंतचा पट्टा सर्वांत आशादायक. त्याहून फार तापलेल्या ग्रॅन्युलाइट प्रदेशात शोध क्वचितच फळाला येतो.

जुन्या नोंदी वाचायला विसरू नका. ग्रीनबुशेसला १८८८ पासून कथील काढत होते, लिथियमचं उत्पादन १९८० च्या दशकात सुरू झालं. मनोनोही मुळात कथलाचीच खाण. कथील किंवा टँटलमच्या जुन्या खड्ड्यांशेजारच्या ढिगात पांढरे जड दगड पडलेले असतील, तर ते त्या काळी निरुपयोगी म्हणून फेकलेलं स्पोड्युमीन असू शकतं.

या टप्प्यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी चाचणी म्हणजे पोटॅश फेल्डस्पारमधलं पोटॅशियम-रुबिडियम गुणोत्तर. रस जितका पिकत जातो तितकं रुबिडियम पोटॅशियमची जागा घेतं आणि गुणोत्तर उतरतं. ते ३० च्या खाली आणि रुबिडियम ३,००० पीपीएमच्या वर असेल, तर शीर लक्ष देण्याजोगी. गुणोत्तर शंभर-दोनशेत असेल तर बहुधा वांझ. भरड हिरवट मस्कोव्हाइट अभ्रकात २,००० पीपीएमहून जास्त लिथियम मिळालं तर तीही चांगली खूण. क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या, हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राला लिथियम दिसतच नाही, कारण ते मूलद्रव्य फार हलकं आहे. पण रुबिडियम, पोटॅशियम, कथील आणि टँटलम ते दाखवतं. म्हणून दिवसभरात डझनभर शिरांचं हे गुणोत्तर काढून त्यांची क्रमवारी लावता येते. लिथियम थेट मोजायचं तर लेझरवर चालणारं लिब्ज यंत्र लागतं.

पायरी ३: खडक हातात घ्या

इथे घाई करू नये, कारण पुढचं सगळं अर्थकारण खनिजाच्या ओळखीवर उभं असतं.

स्पोड्युमीन आणि फेल्डस्पार दोन्ही पांढरे-राखाडी, दोन्ही कठीण, दोन्हींना भेगण्याच्या दोन दिशा जवळजवळ काटकोनात. नवख्याची गफलत होणारच. आधी वजन बघा: स्पोड्युमीनची घनता ३.१ च्या आसपास, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झची २.६ च्या. मुठीएवढ्या दोन तुकड्यांत हा फरक हाताला जाणवतो. मग आकार: स्पोड्युमीनच्या लांबट, चपट्या पट्ट्या असतात, त्यांवर लांबीच्या दिशेने बारीक रेषा दिसतात आणि हातोडीने फोडलं की लाकडाच्या ढलप्यांसारखे तुकडे निघतात. फेल्डस्पार ठोकळ्यासारखा फुटतो. रंगावर फार भिस्त ठेवू नका. स्पोड्युमीन हिरवट, गुलाबी, राखाडी, पांढरं, कसंही असतं. लोह जास्त असेल तर हिरवटपणा वाढतो आणि त्याचा त्रास पुढे सातव्या पायरीवर होतो.

पेटालाइट याहून फसवं, कारण त्याची घनता फेल्डस्पारहूनही थोडी कमी. लेपिडोलाइट मात्र जांभळट अभ्रक म्हणून लांबूनच दिसतं आणि त्यामुळेच माणसं भुलतात. छायाचित्रात ते सुरेख येतं. पण बहुतांश लेपिडोलाइट असलेली शीर आणि बहुतांश स्पोड्युमीन असलेली शीर यांची किंमत एक नाही, मग दोघींची ग्रेड अगदी सारखी का असेना.

कागदावरची कमाल मर्यादा अशी: शुद्ध स्पोड्युमीनमध्ये सुमारे ८ टक्के लिथियम ऑक्साइड, पेटालाइटमध्ये ४.९, लेपिडोलाइटमध्ये साधारण साडेतीन ते साडेसात. यातून एक उपयोगी ताळा निघतो. खडकाची ग्रेड दीड टक्का आणि ती सगळी स्पोड्युमीनची असेल, तर खडकाचा जवळपास पाचवा हिस्सा स्पोड्युमीन हवा. कोअरची (ड्रिलिंगमधून निघालेल्या दगडी दांड्यांची) पेटी समोर ठेवा आणि मोजा. पाच वीत खडकात एक वीत भरेल एवढं स्पोड्युमीन दिसत नसेल आणि प्रयोगशाळा दीड टक्का म्हणत असेल, तर उरलेलं लिथियम अभ्रकात किंवा फॉस्फेटात दडलंय. अशा वेळी एक्स-रे विवर्तन किंवा रामन चाचणी करून खनिज पक्कं करा. डोळ्यांचा अंदाज हा शेवटी अंदाजच.

खोल झिजलेल्या प्रदेशात उलट फसगत होते. पृष्ठभागाजवळ स्पोड्युमीनची माती होते, लिथियम पाण्याबरोबर निघून जातं आणि नमुन्यात जवळपास काहीच येत नाही. मऊ पांढऱ्या मातीत पट्टीच्या आकाराचे साचे शिल्लक दिसले, तर त्या शिरेला पृष्ठभागावरच्या आकड्यांवरून बाद करू नका. तिचा न्याय झिजलेल्या थराच्या खाली गेल्यावरच होईल.

पायरी ४: नमुने आणि प्रयोगशाळा

पृष्ठभागावरून उचललेले दगड उचलणाऱ्याच्या मनासारखे असतात. चांगला दिसला तो उचलला, मग सरासरी अडीच टक्के आली यात नवल काय? अशा नमुन्यांमधून एवढंच कळतं की लिथियम आहे आणि कोणत्या खनिजात आहे. ग्रेड हवी असेल तर शिरेला आडवी, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत करवतीने चर कापून नमुना घ्यावा लागतो. त्यात वांझ क्वार्ट्झचा गाभाही आलाच पाहिजे.

पेग्मटाइटचे स्फटिक अवाढव्य असू शकतात. अमेरिकेच्या साउथ डकोटातल्या एट्टा खाणीत १४ मीटर लांबीच्या स्पोड्युमीन स्फटिकाची नोंद आहे. इतकं टोक सोडा, हातभर लांबीच्या पट्ट्या असलेल्या शिरेतही दोन किलोचा नमुना एकतर सगळा स्पोड्युमीन निघतो नाहीतर सगळा फेल्डस्पार. दाणा जितका मोठा तितका नमुना मोठा.

प्रयोगशाळेला एकच प्रश्न विचारायचा: खडक विरघळवला कशाने? अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) स्पोड्युमीन जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्या पद्धतीचे लिथियमचे आकडे मातीच्या सर्वेक्षणात कल बघण्यापुरते. ग्रेडसाठी सोडियम पेरॉक्साइडमध्ये वितळवण्याची पद्धत मागावी. नमुने पोलादी यंत्रात दळले तर लोहाचा आकडा फुगतो, तेही विचारून घ्या. खात्रीचे प्रमाणित नमुने, कोरे नमुने आणि दुबार नमुने प्रत्येक खेपेत घातले होते का आणि त्यांचे निकाल दाखवायला तयार आहेत का, यावरून संघाची शिस्त कळते. ‘आहेत, पण आत्ता हाताशी नाहीत’ हे उत्तर मी ‘नाहीत’ असंच धरतो.

पायरी ५: आकाराचा कच्चा हिशेब

ड्रिलिंगच्या आधी नकाशावर शीर काढून पाकिटाच्या पाठीवर मावेल एवढा हिशेब करावा. समजा शीर ८०० मीटर लांब दिसते, खरी जाडी १५ मीटर आणि उताराच्या दिशेने ती २०० मीटर खाली जाईल असं धरलं. घनफळ २४ लाख घनमीटर, घनता २.७ धरली तर सुमारे ६५ लाख टन. शिरा फुगतात, आकसतात, तुटतात आणि प्रत्येक भागात लिथियम नसतं. म्हणून अर्धं वजा करा, उरले ३२ लाख टन. स्वतःचा कारखाना उभारायला हे फार कमी आहे. नावाजलेले साठे कोट्यवधी टनांत मोजतात. आता ठरवा: शेजारी अशाच आणखी शिरा आहेत का? समांतर शिरांचा घोळका असेल तर चित्र पालटू शकतं. एकटीच शीर असेल तर ती जाड होत जाण्याचा भूवैज्ञानिक पुरावा हवा, नुसती आशा नव्हे.

ग्रेडची तुलनाही याच वेळी करून घ्यावी. ग्रीनबुशेस दोन टक्क्यांच्या घरात आहे, पश्चिम ऑस्ट्रेलियातलीच पिलगांगूरा खाण सव्वा टक्क्याच्या आसपास. साधारण एक टक्क्याच्या वर असलेल्या मोठ्या, सलग साठ्यांना जागा आहे. त्याखाली गेलात तर बाकी सगळं फार चांगलं असावं लागतं.

शिरेची आतली ठेवणही बघा. काही पेग्मटाइटमध्ये स्पष्ट पट्टे असतात आणि लिथियम एका-दोन पट्ट्यांतच गोळा झालेलं असतं. कॅनडातलं टँको हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. दुसऱ्या प्रकारात अल्बाइट (एक फेल्डस्पार) आणि स्पोड्युमीन शिरेच्या काठापासून काठापर्यंत सारखं पसरलेलं असतं. दिसायला हा प्रकार नीरस, संग्रहालयात ठेवावेत असे स्फटिक त्यात मिळत नाहीत. पण खाणीसाठी मी डोळे झाकून हाच निवडेन, कारण तिथे आकड्यांवर विसंबता येतं.

जाडीला मी इतकं महत्त्व का देतो, ते मिसळीच्या हिशेबातून कळेल. खणताना शिरेच्या दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा मीटर शेजारचा खडक सोबत येतोच असं धरा. शीर २ मीटरची असेल तर ३ मीटर खणावं लागतं आणि १.२ टक्क्याची ग्रेड ०.८ वर येते. शीर २० मीटरची असेल तर तीच ग्रेड १.१४ वर थांबते.

पायरी ६: ड्रिलिंगचे निकाल

पहिला प्रश्न: सांगितलेली जाडी खरी, की छिद्राच्या लांबीवर मोजलेली? छिद्र शिरेला ३० अंशांत छेदत असेल तर ४० मीटरचा ‘छेद’ म्हणजे फक्त २० मीटर खरी जाडी. छिद्र शिरेच्या उताराबरोबरच खाली गेलं तर आकडा कितीही वाढवता येतो.

दुसरा प्रश्न सरासरीचा. ‘३० मीटर, १ टक्का, त्यातच ६ मीटर, ४ टक्के’ असं वाचलं की वजाबाकी करा. एकूण ३० एकक लिथियम, त्यातले २४ त्या सहा मीटरमध्ये. उरलेल्या २४ मीटरमध्ये ६ एकक, म्हणजे ०.२५ टक्के. साठ्यात धरायच्या ग्रेडची खालची मर्यादा म्हणून अनेक प्रकल्प ०.३ ते ०.५ टक्के वापरतात, त्यामुळे हे चोवीस मीटर बहुधा टाकाऊच. खरा साठा सहा मीटरचा आहे. शिवाय चार टक्के म्हणजे निम्मा खडक स्पोड्युमीन. ते अशक्य नाही, पण कोअर बघितल्याशिवाय मान्य करू नये.

तिसरी गोष्ट काठावरची. पेग्मटाइट अँफिबोलाइटसारख्या गडद खडकात घुसलं असेल, तर लिथियम बाजूच्या खडकात झिरपतं आणि तिथे निळसर-जांभळट होल्मक्विस्टाइट हे लिथियमयुक्त खनिज तयार होतं. शोधासाठी ही उत्तम खूण, कारण न दिसणारी शीर जवळपास आहे असं ती सांगते. हिशेबात मात्र ती घातक. काठावरच्या नमुन्यात ०.४ टक्के लिथियम दिसतं, पण ते स्पोड्युमीन नसल्यामुळे कारखान्यात मिळत नाही. साठ्याची सीमा खडकाच्या प्रकारावर आखली आहे की नुसत्या आकड्यावर, हे विचारा.

कोणती छिद्रं जाहीर झाली नाहीत, हेही मोजा. क्रमांक १, २, ५, ६ आणि ९ चे निकाल आले असतील तर बाकीच्यांचं काय झालं? खनिज साठे कसे जाहीर करायचे ते सांगणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या जोर्क संहितेच्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे ‘शोध-लक्ष्य’ हा साठा नसतो. त्यात टन आणि ग्रेड दोन्ही पल्ल्यात द्यावे लागतात. त्या पल्ल्याचं वरचं टोकच भाषणात येत असेल, तर समजून घ्यावं.

पायरी ७: खनिज सुटं होतं का

ही चाचणी पुढे ढकलायची सवय आहे. माझ्या मते पहिली आठ-दहा चांगली छिद्रं झाली की छोटी धातुकर्म चाचणी करून घ्यावी. स्पोड्युमीन भरड दाण्याचं असेल तर जड द्रवात बुडवून घनतेवर वेगळं करता येतं, ही पद्धत स्वस्त. दाणा बारीक किंवा क्वार्ट्झशी गुंतलेला असेल तर दळून फ्लोटेशनला, म्हणजे बुडबुड्यांना चिकटवून खनिज वर तरंगवण्याला, पर्याय नाही.

बाजारात मापदंड मानलेलं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे खडकातून वेगळं काढलेलं घट्ट खनिज, ६ टक्के लिथियम ऑक्साइडचं. खडकात १.२ टक्के आणि ७० टक्के लिथियम हाती लागलं, तर दहा लाख टन खडकातून १ लाख ४० हजार टन कॉन्सन्ट्रेट मिळतं. ७० ऐवजी ५० टक्केच लागलं तर १ लाख. खाणीचा खर्च तोच, विक्री जवळपास तीस टक्क्यांनी कमी.

लोह हा दुसरा काटा. ग्राहक कॉन्सन्ट्रेटमध्ये लोहाचं ऑक्साइड साधारण एक टक्क्याच्या आसपास मर्यादित ठेवायला सांगतात. लोह बाजूच्या गडद खडकातून येत असेल तर खणताना काळजी घेऊन ते बरंच टाळता येतं. मात्र अँफिबोलाइटची घनता स्पोड्युमीनच्या जवळची असल्याने घनतेवरच्या वेगळेपणात तो कॉन्सन्ट्रेटबरोबरच बसतो. लोह स्पोड्युमीनच्या स्फटिकातच असेल तर ते काढायची सोपी वाट नाही. पुढे रासायनिक कारखान्यात हे कॉन्सन्ट्रेट सुमारे १,०५० ते १,१०० अंश सेल्सियसला भाजून अल्फा रूपातून बीटा रूपात आणावं लागतं, तेव्हाच ते सल्फ्युरिक आम्लाला दाद देतं.

पायरी ८: खडकाबाहेरचं

पाणी, वीज, बंदरापर्यंतचा रस्ता, तिथे राहणाऱ्या लोकांचे हक्क. कॉन्सन्ट्रेट अवजड माल आहे, एक टन कार्बोनेटला साधारण आठ टन लागतात, त्यामुळे वाहतूक नफा खाते. भावाबद्दल एवढंच: २०२२ च्या अखेरीस स्पोड्युमीन कॉन्सन्ट्रेट टनाला सहा हजार डॉलरच्या वर गेलं होतं, २०२४ मध्ये ते हजाराच्या खाली आलं. प्रकल्पाचा हिशेब खालच्या भावावर करून बघा. तिथे तग धरत नसेल तर वरच्या भावाचा तक्ता बघायची गरज उरत नाही.

पायरी ९: थांबण्याची अट आधी लिहा

ड्रिलिंगचं यंत्र जागेवर येण्यापूर्वी एका कागदावर थांबण्याची अट लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. उदाहरणार्थ: पहिल्या आठ छिद्रांपैकी निदान चारमध्ये १० मीटर खरी जाडी आणि १ टक्का ग्रेड मिळाली, त्यातलं बहुतांश लिथियम स्पोड्युमीनमध्ये असल्याचं विवर्तन चाचणीने ठरलं आणि शेजारच्या दोन छिद्रांत तीच शीर जुळली, तरच दुसरी फेरी. चारऐवजी तीन आली तर काय, तेही त्याच कागदावर लिहा: एखादं छिद्र जास्त, पण कुठे आणि कोणत्या खर्चाच्या मर्यादेत. निकाल आल्यावर अट बदलायची असेल तर बदलाचं भूवैज्ञानिक कारण लेखी द्यायचं आणि ते प्रकल्पात पैसा नसलेल्या एखाद्या भूवैज्ञानिकाने तपासायचं.